स्वप्न पडतं सगळ्यांना, उरतं काहींनाच

हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठी नरसी नामदेव हे गाव आहे. परंपरेनं हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. त्यांचा जन्म शके ११९२ चा, म्हणजे इसवी सन १२७० चा. वारकऱ्यांबरोबर शीख भाविकही इथं माथा टेकायला येतात, कारण गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. १३५० मध्ये नामदेवांनी देह ठेवला. त्यानंतर जवळपास २८० वर्षांनी ते देहूच्या तुकोबांच्या स्वप्नात आले. सोबत साक्षात पांडुरंग होते. नामदेवांनी शतकोटी अभंगांचा संकल्प केला होता, तो अपुरा राहिला होता. उरलेलं काम तू पुरं कर, वायफळ बोलण्यात वाणी दवडू नकोस, असं त्यांनी तुकोबांना बजावलं. ही हकीकत पुढच्या कोणा चरित्रकारानं रचलेली नाही. खुद्द तुकोबांनीच ती आपल्या अभंगात सांगून ठेवली आहे.

तुकोबांचं दुसरं स्वप्न तर आणखी बारकाव्यानं आलं आहे. नदीवर स्नानाला जाताना वाटेत सद्गुरू भेटले, त्यांनी मस्तकावर हात ठेवला, जेवणासाठी पावशेर तूप मागितलं. आणि ते तूप द्यायचं स्वप्नातच राहून गेलं! गुरूंनी आपली परंपरा सांगितली, बाबाजी हे नाव सांगितलं, ‘रामकृष्णहरि’ हा मंत्र दिला आणि काहीतरी अडचण पडल्यासारखे ते लगबगीनं निघून गेले. दिवस माघ शुद्ध दशमीचा, वार गुरुवार. ज्यांना ठळक स्वप्नं पडतात त्यांना या स्वप्नाची जात लगेच ओळखू येईल. नेमकं माप, अर्धवट राहिलेलं काम, मधेच तुटलेली भेट आणि जाग आल्यावरही न सुटणारी हुरहुर. कुणी मुद्दाम गुरुदीक्षेची गोष्ट रचायला बसला असता, तर त्यानं तूप विसरल्याचा तपशील घातला नसता.

तिसरं स्वप्न बहिणाबाईंचं. बहिणाबाई (१६२८–१७००) मूळच्या वेरूळजवळच्या देवगावच्या, म्हणजे मराठवाड्यातल्याच. लहान वयात थोराड बिजवराशी लग्न झालेलं, घर सोडून गावोगाव भटकंती चाललेली, अशा स्थितीत हे कुटुंब कोल्हापूरला येऊन राहिलं. तिथं जयरामस्वामींच्या कीर्तनात तुकोबांचे अभंग कानावर पडत. लाडक्या वासराच्या मृत्यूनं त्या खचून गेल्या होत्या, मनाला तुकोबांचाच ध्यास लागला होता. तोवर त्यांनी तुकोबांना डोळ्यांनी पाहिलेलंही नव्हतं. तरी तुकोबा स्वप्नात आले, डोक्यावर हात ठेवला आणि कानात मंत्र सांगितला. ब्राह्मण घरातल्या बाईनं तुकोबांना गुरू मानावं, तेही एका स्वप्नाच्या आधारावर, हे नवऱ्याला मुळीच रुचलं नाही. बहिणाबाईंनी हे सगळं आपल्या आत्मनिवेदनात लिहून ठेवलं. सतराव्या शतकातल्या एका भारतीय बाईनं स्वतःच्या स्वप्नाचा आणि त्यापायी घरात उठलेल्या वादळाचा स्वतः दिलेला हा वृत्तांत जगाच्या स्वप्नवाङ्मयात मोलाचा आहे. त्याचा तसा अभ्यास मराठीत अजून पुरेसा झालेला नाही, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे.

तिन्ही स्वप्नं एकाच भक्तिपरंपरेतली, आणि तिन्हींचा पोत वेगळा. एकात काम सोपवलं गेलं, दुसऱ्यात नाव आणि मंत्र मिळाला, तिसऱ्यात कधी न भेटलेल्या माणसाचा स्पर्श झाला. हा वेगळेपणा संतांपुरताच नाही. आज नरसीत, सेनगावात किंवा वसमतच्या एखाद्या घरात सकाळच्या चहाला बसलेल्या चौघांना विचारलं तर एक जण सिनेमासारखं स्वप्न सांगेल, दुसऱ्याला नुसती भीती आठवेल, तिसरा ‘काहीतरी होतं, पण गेलं’ म्हणेल आणि चौथा ठामपणे सांगेल की मला स्वप्नंच पडत नाहीत. या चौथ्याचं म्हणणं किती खरं? आणि पहिल्याला ती इतकी लख्ख का दिसतात? गेल्या सत्तर वर्षांत निद्राशास्त्रानं यावर बरंच काम केलं आहे. त्यातून सगळ्यात महत्त्वाचं जे हाती आलं ते असं, की माणसामाणसात स्वप्न पडण्याचा जेवढा फरक आहे, त्याहून कितीतरी मोठा फरक ते जागेपणी उरण्याचा आहे.

सुरुवात १९५३ ची. शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की हा संशोधक विद्यार्थी झोपलेल्या माणसांच्या डोळ्यांच्या हालचाली यंत्रावर नोंदवत होता. प्रयोगाला त्यानं आपल्या आठ वर्षांच्या मुलालाही झोपवलं होतं. रात्री मधेच कागदावरच्या रेषा जोरजोरात वरखाली होऊ लागल्या. मूल तर गाढ झोपलेलं, पण मिटल्या पापण्यांआड बुबुळं भराभर फिरत होती. असेरिन्स्की आणि त्याचे मार्गदर्शक नॅथानिएल क्लाइटमन यांनी ही झोपेची वेगळीच अवस्था असल्याचं जाहीर केलं. जलद नेत्रचलनाची ही झोप आज ‘आरईएम’ झोप म्हणून ओळखली जाते. या अवस्थेत मेंदू जवळजवळ जागेपणाइतका कामात असतो, पण मानेखालचे बहुतेक स्नायू लुळे पडलेले असतात. १९५७ मध्ये क्लाइटमन आणि विल्यम डिमेंट यांनी याच अवस्थेत माणसांना उठवून विचारलं, तेव्हा दहापैकी आठ वेळा स्वप्नाचं वर्णन मिळालं. बाकीच्या झोपेतही स्वप्नं पडतात हे पुढे सिद्ध झालं. ती बहुधा पुसट, विचारासारखी असतात. रंगीत, घडामोडींनी भरलेली स्वप्नं मात्र मुख्यतः आरईएम झोपेतली.

प्रौढ माणसाच्या झोपेचा साधारण पाव ते पाचवा हिस्सा या अवस्थेत जातो. तान्ह्या बाळाचा निम्मा. झोपेचं एक आवर्तन सुमारे ९० मिनिटांचं. रात्री चार-पाच आवर्तनं होतात आणि प्रत्येकाच्या शेवटी आरईएम येते. पहिली खेप जेमतेम दहा मिनिटांची असते, मग ती लांबत जाते आणि पहाटेची खेप अर्ध्या तासाच्याही पुढे जाऊ शकते.

‘पहाटेचं स्वप्न खरं होतं’ असं आजी सांगते, त्यामागे हा निसर्ग आहे. स्वप्न खरं होण्याला कसलाही आधार नाही. पण पहाटेचं स्वप्न लांब असतं, ठळक असतं आणि त्यातूनच थेट जाग येत असल्यानं ते लक्षात राहतं. रात्री अकराला पडलेलं स्वप्न पुढच्या गाढ झोपेत बुडून जातं. जे आठवतं तेच माणूस पुढच्या घटनांशी ताडून पाहतो आणि जे जुळतं त्याची गोष्ट होते. या समजुतीच्या आजूबाजूचं निरीक्षण जुनं आहे. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानातही पूर्वरात्रीच्या स्वप्नाचं फळ अल्प मानलं आहे.

हिंगोलीच्या शेतकऱ्यांची रात्र या संदर्भात खास पाहण्यासारखी आहे. शेतीपंपाची लाईट आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री असते. हळद, ऊस, गहू, हरभरा, जे उभं असेल त्याला पाणी द्यायला माणूस रात्री उठतो, बॅटरी घेऊन शेतात जातो, मोटार चालू करतो, चिखलात उभं राहून दारं धरतो, आणि लाईट गेली की पहाटे घोंगडीत शिरतो. अशी तुटलेली झोप शरीराला महागात पडते, विंचूकाट्याची भीती वेगळीच. स्वप्नाच्या बाबतीत मात्र एक चमत्कारिक गोष्ट घडते. आरईएम झोपेचा वाटा बुडाला की मेंदू पुढच्या संधीला ती जास्त आणि जोमानं वसूल करतो. पहाटे दोन तास मिळालेली झोप त्यामुळे स्वप्नांनी गच्च भरलेली असू शकते. प्रयोगशाळेत ठळक स्वप्नं मिळवण्यासाठी संशोधक मुद्दाम हेच करतात. माणसाला चार-पाच तासांनी उठवतात, थोडा वेळ जागं ठेवतात आणि पुन्हा झोपवतात. शेतकरी हा प्रयोग आयुष्यभर करत आला आहे, त्याच्या इच्छेविरुद्ध.

आता त्या चौथ्या माणसाकडे वळू. ‘मला स्वप्नंच पडत नाहीत’ असं म्हणणारे थोडे नसतात. २०१५ मध्ये पॅरिसच्या निद्रातज्ज्ञांनी एक सुरेख पुरावा मांडला. काही रुग्णांमध्ये आरईएम झोपेतलं स्नायूंचं लुळेपण नाहीसं होतं आणि ते स्वप्नातली कृती प्रत्यक्षात करू लागतात. हात झाडतात, लाथ मारतात, भांडतात, बोलतात. अशा रुग्णांमध्ये काही जण असे निघाले की ज्यांनी जन्मात एकही स्वप्न आठवत नसल्याचं सांगितलं होतं. कॅमेऱ्यात मात्र ते झोपेत कोणाशी तरी वाद घालताना, हाणामारी करताना दिसले. उठवून विचारलं तर काहीच नाही. स्वप्न झालं होतं. पाटी पुसली गेली होती.

पुसली का जाते, याचीही उत्तरं हळूहळू मिळत आहेत. आठवण पक्की करायला मदत करणारं नॉरअॅड्रेनलिन हे रसायन आरईएम झोपेत मेंदूत अगदी कमी असतं. म्हणून स्वप्न टिकायचं तर त्याला लागून जाग यावी लागते. फ्रान्समधल्या लिऑन शहरात पेरीन रुबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोज स्वप्न आठवणारी आणि क्वचितच आठवणारी माणसं शेजारी ठेवून पाहिली. आठवणाऱ्यांची रात्रीतली मधली जाग दुप्पट होती, एकूण सुमारे अर्धा तास. न आठवणाऱ्यांची पाव तास. झोपेत कोणी नाव घेतलं तर आठवणाऱ्यांचा मेंदू जास्त प्रतिसाद देत होता. म्हणजे ज्याची झोप सावध, त्याच्याकडे स्वप्नांचा साठा मोठा. अंथरुणाला पाठ लागताच घोरणारा आणि गजर झाल्यावरच उठणारा माणूस ‘मला पडतच नाहीत’ म्हणतो, यात नवल नाही.

पण नुसत्या झोपेवर सगळं ठरत नाही. स्वप्नांकडे लक्ष देणाऱ्यांना ती अधिक आठवतात, हे अनेक अभ्यासांतून पुढे आलं आहे. वही उशाशी ठेवून लिहायला लागलं की काही दिवसांतच आठवणींची संख्या वाढते. बायका सरासरीनं पुरुषांपेक्षा थोडी जास्त स्वप्नं सांगतात. वय वाढेल तसं आठवणं घटतं. बोस्टनचे मानसोपचारतज्ज्ञ अर्नेस्ट हार्टमन यांनी आणखी एक मुद्दा मांडला. काही माणसांच्या मनातल्या सीमा पातळ असतात. आपलं आणि दुसऱ्याचं दुःख, विचार आणि भावना, जाग आणि कल्पना यांत त्यांना घट्ट भिंत घालता येत नाही. अशांना ठळक स्वप्नं आणि दुःस्वप्नंही जास्त पडतात. कलावंतांत ही माणसं बरीच सापडतात. ज्या घरात सकाळी ‘काय स्वप्न पडलं?’ असं विचारलं जातं, ज्या परंपरेत देवाचा दृष्टांत ही आयुष्याला वळण देणारी घटना मानतात, तिथं स्वप्नं अधिक उरावीत हे या शोधांशी सुसंगत आहे. तुकोबांना तिथी-वारासकट स्वप्न आठवलं, याला त्यांची प्रतिभा कारण आहेच. ऐकून घेणारा समाज हेही कारण आहे.

भारतीय वैद्यांनी माणसागणिक स्वप्न बदलतं ही गोष्ट दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच टिपली होती. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात प्रकृतीनुसार स्वप्नं सांगितली आहेत. वातप्रकृतीचा माणूस झोपेत आकाशात फिरतो. पित्तप्रकृतीच्या माणसाला सोनं, पळसाची फुलं, आग, वीज, उल्का दिसतात. कफप्रकृतीच्या माणसाला कमळांनी आणि हंसांनी भरलेली तळी. आजच्या कसोटीवर ही वाटणी सिद्ध झालेली नाही, पण एकाच्या स्वप्नाचा अर्थ दुसऱ्याला लावू नये हा धडा तीत आहेच. चरकांनी स्वप्नांचे सात प्रकार केले: पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, इच्छिलेलं, कल्पिलेलं, भविष्यसूचक आणि दोषांमुळे पडलेलं. आणि यांतले पहिले पाच त्यांनी निष्फळ ठरवले. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ या म्हणीचंच हे शास्त्रीय रूप. उरलेल्या दोहोंपैकी भविष्यसूचक स्वप्नाला आज पुरावा नाही. दोषज स्वप्न मात्र डॉक्टरांनाही मान्य होईल. तापात फणफणलेल्या माणसाची विचित्र, भडक स्वप्नं ज्यानं ऐकली आहेत त्याला ते वेगळं सांगायला नको.

स्वप्न ‘दिसतं’ असं आपण सहज म्हणतो. जन्मांध माणसाला ते दिसत नाही. तो ते ऐकतो, हुंगतो, चाखतो, हातांनी चाचपतो. त्याच्या स्वप्नात पायरी चुकते, ओळखीचा आवाज येतो, भाकरी भाजल्याचा वास येतो, आणि ते स्वप्न कुठल्याही अर्थानं कमी नसतं. दृष्टी साधारण पाच वर्षांच्या आत गेली तर स्वप्नात चित्रं बहुधा नसतात. सात वर्षांनंतर गेली तर ती अनेक वर्षं टिकतात. याच्या उलट दुसरी गंमत आहे. काही डोळस माणसांना मनात चित्र उभंच करता येत नाही. आईचा चेहरा डोळ्यांपुढे आणा म्हटलं तर त्यांच्यापुढे काहीच येत नाही. एक्झेटर विद्यापीठाच्या अॅडम झेमन यांनी २०१५ मध्ये या स्थितीला अफँटेझिया हे नाव दिलं. अशा माणसांपैकी पुष्कळांना झोपेत मात्र चित्रं दिसतात.

रंगांचंही तसंच. डंडी विद्यापीठाच्या इव्हा मर्झिन यांनी २००८ मध्ये दाखवलं की लहानपणी काळेपांढरे सिनेमे आणि टीव्ही पाहिलेल्या पंचावन्नच्या पुढच्या लोकांची सुमारे पाव स्वप्नं काळीपांढरी असतात, तर पंचविशीच्या आतल्यांची जवळजवळ कधीच नाही. भारतात दूरदर्शन १९८२ मध्ये रंगीत झालं. खेड्यापाड्यांत त्यानंतरही कितीतरी वर्षं काळ्यापांढऱ्या संचांवरच ‘रामायण’ पाहिलं गेलं. मराठवाड्यातल्या पन्नाशी-साठीच्या माणसांना हा प्रश्न विचारून पाहायला हवा.

लहान मुलांची स्वप्नं पालक समजतात तितकी रंगतदार नसतात. डेव्हिड फोल्क्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं मुलांना वर्षानुवर्षं प्रयोगशाळेत झोपवून, उठवून विचारलं. तीन ते पाच वर्षांच्या मुलांनी फारच कमी वेळा काही सांगितलं, आणि ते बहुतेक स्थिर चित्रासारखं होतं. अनेकदा त्यात प्राणी असत. मोठ्यांसारखी घडामोडींची, स्वतः पात्र असलेली स्वप्नं सांगायला नऊ-दहा वर्षं उजाडतात. स्वप्न पाहणं ही कल्पनाशक्तीबरोबर वाढत जाणारी क्षमता आहे, असा त्यांचा निष्कर्ष.

बाहेरचं जग झोपेत किती शिरतं, याचाही माणसागणिक हिशेब वेगळा. १९५८ मध्ये डिमेंट आणि वोल्पर्ट यांनी आरईएम झोपेत असलेल्यांच्या अंगावर पाणी शिंपडलं, प्रकाश पाडला, आवाज केला. पाण्याला १०० पैकी ४२ वेळा स्वप्नात जागा मिळाली. कुणाच्या स्वप्नात पाऊस आला, कुणाचं छत गळलं. प्रकाशाला २३ वेळा आणि आवाजाला फक्त ९ वेळा. कानाशी झालेल्या आवाजानं एक तर झोप मोडते किंवा तो बाहेरच राहतो. अंगाला झालेला स्पर्श मात्र मेंदू गोष्टीत ओवून घेतो.

हिंगोली जिल्ह्यात स्पर्शाहून मोठी गोष्ट अंथरुणाला जाणवते. वसमत, औंढा नागनाथ, कळमनुरी या तालुक्यांतल्या काही गावांत कित्येक वर्षं जमिनीतून गूढ आवाज येतात आणि सौम्य धक्के बसतात. वसमत तालुक्यातलं पांगरा शिंदे हे गाव त्यासाठी राज्यभर माहीत झालं आहे. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, लगेच दुसरा. १० जुलै २०२४ ला सकाळी सातनंतर पुन्हा ४.५ चा. या वेळा आरईएम झोपेच्या सरत्या खेपेच्या. पत्रे खडखडले, भांडी पडली, लोक लेकरांना घेऊन अंगणात आले. मराठवाड्याच्या मनात ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट अजून आहे. त्या पहाटे तीन वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हादरली आणि गणपती विसर्जन करून झोपलेली हजारो माणसं दगडमातीच्या घरांखाली गेली. त्यामुळे इथला साधा धक्काही नुसता धक्का राहत नाही.

अशा भीतीचं स्वप्नात काय होतं, हे मोजलेलं आहे. ऑक्टोबर १९८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात मोठा भूकंप झाला. जेम्स वूड आणि सहकाऱ्यांनी तिथल्या विद्यार्थ्यांना तीन आठवडे रोज सकाळी दुःस्वप्नांची नोंद करायला लावली आणि दूरच्या अॅरिझोनातल्या विद्यार्थ्यांशी तुलना केली. भूकंपग्रस्त भागातल्या सुमारे ४० टक्के विद्यार्थ्यांना भूकंपाचं दुःस्वप्न पडलं, अॅरिझोनात जवळपास ५ टक्क्यांना. पण यातली दुसरी बाजूही पाहायला हवी: धक्का सगळ्यांनी सोसला, तरी दहांतल्या सहांच्या नोंदीत भूकंप आलाच नाही. एकच घटना, एकच रात्र, आणि तरीही प्रत्येकाची झोप ती वेगळ्या रीतीनं पचवते. म्हणून धक्क्यानंतर एखादं मूल रोज रात्री किंचाळत उठत असेल तर ‘शेजारचा पोरगा बघ कसा बिनधास्त झोपतो’ असं सुनावणं अन्यायाचं आहे.

पुन्हापुन्हा पडणाऱ्या दुःस्वप्नावर उपाय आहे, आणि तो सोपा आहे. दिवसा, पूर्ण जागेपणी ते स्वप्न आठवायचं, त्याचा शेवट आपल्याला हवा तसा बदलायचा आणि नवा प्रसंग रोज काही मिनिटं मनात घोळवायचा. बॅरी क्रॅको यांच्यासारख्या डॉक्टरांनी या पद्धतीच्या चाचण्या घेतल्या आणि अनेक रुग्णांची दुःस्वप्नं घटली. मदत हवी असेल तर १४४१६ या क्रमांकावर केंद्र सरकारची टेलिमानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. तिथं मराठीत बोलता येतं.

काही माणसांना जाग आलेली असते, डोळे उघडे असतात, खोली दिसत असते, पण हातपाय हलत नाहीत आणि छातीवर कोणीतरी बसल्यासारखं वाटतं. कुणाला कोपऱ्यात सावली दिसते. मराठवाड्यात याला भुताचं बसणं म्हणतात आणि पुष्कळदा गाडी देवऋषीकडे वळते. प्रत्यक्षात आरईएम झोपेतलं स्नायूंचं लुळेपण जाग आल्यावरही काही क्षण रेंगाळलेलं असतं आणि स्वप्नाची चित्रं उघड्या डोळ्यांत उतरलेली असतात. मिनिटा-दोन मिनिटांत ते ओसरतं. तुटलेली, अनियमित झोप असणाऱ्यांना आणि उताणं झोपणाऱ्यांना हे जास्त होतं. त्यासाठी बाईला मारझोड करणं, धुरी देणं हा निव्वळ अत्याचार आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात तो गुन्हाही आहे.

ठळकपणा हा खरेपणाचा पुरावा मानला की काय होतं, याचं उदाहरण त्याच २०१३ सालचं. उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यात डौंडिया खेडा इथल्या पडक्या किल्ल्याखाली हजार टन सोनं असल्याचं स्वप्न शोभन सरकार या साधूला पडलं. ऑक्टोबरमध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं तिथं खोदकाम केलं, वाहिन्यांच्या गाड्या लागल्या, जत्रा भरली. सोनं निघालं नाही. गुप्तधनाच्या स्वप्नापायी घरातली जमीन उकरणारे लोक आपल्याकडेही आहेत.

ज्यांना अलीकडेच एकाएकी ठळक स्वप्नं पडू लागली आहेत त्यांनी आधी औषधांची चिठ्ठी पाहावी. रक्तदाबावरची बीटा-ब्लॉकर गटातली काही औषधं, नैराश्यावरच्या गोळ्या, कंपवातावरचं लेव्होडोपा यांनी स्वप्नं बदलतात. रोजची दारू अचानक थांबवली की दबलेली आरईएम झोप उसळून येते आणि भयानक स्वप्नं पडतात. औषध मात्र आपल्या मनानं बंद करू नये. आणि पन्नाशीच्या पुढचा माणूस झोपेत हातपाय झाडू लागला, शेजारी झोपणाऱ्याला लागू लागलं, तर ते हसण्यावारी नेऊ नये. १९८६ मध्ये मिनियापोलिसच्या कार्लोस शेंक आणि मार्क माहोवाल्ड यांनी हा विकार प्रथम नीट वर्णिला. पुढच्या पाठपुराव्यात अशा रुग्णांपैकी बहुतेकांना काही वर्षांनी कंपवात किंवा त्याच कुळातला मेंदूचा आजार झाल्याचं दिसलं. इथं स्वप्न खरोखरच वेळेआधी सूचना देतं, आणि ती मेंदूच्या डॉक्टरांकडे न्यावी लागते.

काही थोड्यांना स्वप्नातच कळतं की हे स्वप्न आहे. अशा सावध स्वप्नाबद्दल शास्त्रज्ञ बराच काळ साशंक होते. १९७५ मध्ये इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी आणि पुढे स्टॅनफर्डच्या स्टीफन लाबर्ज यांनी तिढा सोडवला. झोपेत शरीर लुळं असतं, डोळे नाही. झोपणाऱ्याशी आधीच ठरवून ठेवलं की स्वप्नात असल्याचं कळताच डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवायचे. यंत्रावर ती खूण स्वच्छ उमटली. २०२१ मध्ये अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या चार प्रयोगशाळांनी ३६ जणांवर याच्या पुढचा प्रयोग केला. झोपलेल्याला प्रश्नच विचारले. आठातून सहा गेले किती? एका तरुणानं झोपेतूनच डोळे दोनदा फिरवून ‘दोन’ असं उत्तर दिलं. खात्रीच्या सावध स्वप्नांतही बरोबर उत्तरं सुमारे १८ टक्के वेळाच मिळाली. बहुतेकदा प्रतिसादच आला नाही. जाग आल्यावर विचारलं तेव्हा प्रत्येकाकडे प्रश्न वेगळ्या वाटेनं पोचलेला निघाला. कुणाला तो सिनेमातल्या निवेदकासारखा बाहेरून ऐकू आला होता, तर कुणाच्या स्वप्नात तो गाडीतल्या रेडिओवर लागला होता.